न ऐकलेले उत्तरार्ध

गाण्याच्या कार्यक्रमांचे उत्तरार्ध मी सहसा ऐकलेच नाहीत, हे समीक्षक म्हणून इतकी वर्षे मिरवताना मी कुणालाही कळू दिले नाही.

आमच्या वर्तमानपत्राची तालुक्यांकडे जाणारी आवृत्ती लवकर छापायला जाई. त्यामुळे ऑर्केस्ट्रा असो वा भीमगीते, मी मध्यंतरातच परीक्षण देऊन मोकळा होई. पुढे मजकूर मोबाइलवरून क्षणात जाऊ लागला, तरी माझी सवय सुटली नाही. मध्यंतर झाले की मी गुलमंडीच्या बाजारात भजी खायला निघे. न ऐकलेल्या भागासाठी एक वाक्य तयारच असे : ‘उत्तरार्धात आवाज किंचित थकल्याचे जाणवले.’ त्या ‘किंचित’वर माझी सारी सभ्यता उभी होती. दमलेल्या गायकाला वाक्य पटे. न दमलेल्याला स्वतःविषयीच शंका येई.

गेल्या वर्षी जयंतीच्या कार्यक्रमाला मला पाहुणा म्हणून बोलावले होते. रंगमंचामागे भीमगीते गाणाऱ्या एक ज्येष्ठ गायिका चहा घेत होत्या. त्यांच्याकडे बोट दाखवून मंडळाचे सचिव कौतुकाने म्हणाले, “ताईंचं आधी उरकून घेतो, सर. मागून आवाज थकतो ना त्यांचा. तुम्हीच तर लिहिलं होतं!” आणि ते मंचाकडे निघून गेले.

अशा कार्यक्रमांत खरी गर्दी उत्तरार्धातच जमते, हे मलाही ऐकून ठाऊक होते.

“लई उपकार झाले, सर,” ताई म्हणाल्या. “तुमी लिवलं तवापासनं मी रिकाम्या खुर्च्यायला गाणं ऐकवते.”

“मग तुम्ही हरकत का घेतली नाही?”

“कुणापाशी? पेपर वाचून माझी सासू बी म्हणाली, ‘व्हय गं, मागून थकतीसच तू!’ अन् ती तर गावाकडं होती.”

मी चाचरत विचारले, “मी लिहिलं, त्या कार्यक्रमाचा शेवट कसा झाला होता?”

त्यांनी कप खाली ठेवला. “म्हंजे? तुमी नव्हता?”

मी मान खाली घातली. त्या इतक्या हसल्या की तबलावाला काय झाले ते पाहायला आला. हसू ओसरल्यावर मात्र म्हणाल्या, “ह्ये त्या मंडळवाल्यांना सांगा की, सर. माझं कोण ऐकतंय?”

थोड्याच वेळात मला दोन शब्द बोलायला पुकारले. मी माइक हाती घेतला.

“ताईंचा आवाज थकतो, असे मी छापले होते. तो भाग मी ऐकलाच नव्हता. मी उठून गेलो होतो. सचिवसाहेब, आज ताईंना शेवटी गाऊ द्या. आणि ताई, तुमची गर्दी मी हिरावून घेतली. मला माफ करा.”