लढाईआधीचं भाडं

जीप स्टँडवर पॅसेंजर मिळो न मिळो, किस्सा मिळायचाच! नव्वदच्या दशकात मी नाशिक-सुरगाणा जीप चालवली. तेव्हाचे किस्से अजून पुरतात.

*

अण्णा आमच्या स्टँडचे प्रमुख. भाडं तेच ठरवायचे. गाडी फुल भरल्याशिवाय रांगेतला नंबर सुटायचा नाही, हाही त्यांचाच कायदा.

एका मास्तरांनी वैतागून विचारलं, "फुल म्हणजे किती हो?"

"दार लागतंय ना? मग जागा आहे!"

*

आखातात लढाई पेटली, डिझेल महागलं. अण्णांनी दोन रुपये वाढवले. "लढाई संपली की कमी करू," असं छातीठोकपणे सांगितलंही.

लढाई संपली. नागली विकायला येणाऱ्या काशीबाईंनी लगेच म्हटलं, "आता कमी करा की भाडं!"

"मावशी, तह व्हायचाय अजून!"

पुढं वर्षभर काशीबाई जीपमध्ये चढताना विचारायच्या, "झाला का तह?" आम्ही पोट धरधरून हसायचो.

*

मग सुरगाण्याच्या सोमानं स्वतःची जीप आणली आणि आमच्याशेजारीच उभी केली. भाडं दोन रुपये कमी! आमचे पॅसेंजर गळायला लागले. दिवसाला एक फेरी होईना.

अण्णा तावातावानं गेले. "भाव का पाडतोस रे?"

सोमा शांतपणे म्हणाला, "मी कुठं पाडला अण्णा? लढाईआधीचाच हाय!"

*

अण्णा इरेला पेटले. "उद्यापासून त्याच्यापेक्षा एक रुपया कमी! बघू किती टिकतो!" आम्ही टाळ्या वाजवल्या. आठवडा गेला, तरी गर्दी सोमाकडंच. काय कळेना!

तेवढ्यात सोमाची जीप आली आणि तिच्यातून पिशव्या सांभाळत उतरल्या अण्णांच्या मंडळी! माहेरी, सुरगाण्याला गेल्या होत्या.

अण्णा लालबुंद. "अगं, आपल्या गाड्यांत तुला फुकट आहे ना?"

"फुकट आहे हो. तासभर बसले होते तिकडं आपल्याच गाडीत. सुटेचना! हा चौघांवर निघाला. मी पैसे दिले आणि आले."

अण्णांनी माझ्या जीपकडं पाहिलं.

"ए, नंबर एक! काढ गाडी!"

"अण्णा, पाचच सीट झालेत."

"काढ म्हणतो ना!"