कापसाच्या पातीवरचं इंग्रजी

इंग्रजीचा आणि माझा जुना उभा दावा. बारावीला तिनं मला पाडलं, मग लग्न झालं, रोहण्याला आले, अंगणवाडीत मदतनीस म्हणून लागले आणि तिला विसरून गेले. मागच्या वर्षी आमच्या सेविकाबाई निवृत्त व्हायला आल्या. त्यांच्या जागी मला घेणार होते, पण बारावी पास असेन तरच. नाहीतर जाहिरात निघणार, आणि पंधरा वर्षं गावातल्या लेकरांची नाकं पुसलेली मी कोणा नव्या बाईच्या हाताखाली पुन्हा खिचडी ढवळणार. हे मला साफ नामंजूर होतं. मी बाहेरून फॉर्म भरून टाकला.

माझी मुलगी सावंगीला नर्सिंग शिकते. ती रविवारी यायची, मला शिकवायची आणि अशी खेकसायची, जणू मीच तिची लेक. एका रविवारी तिनं क्रियापदापासून नाम बनवायचा धडा काढला आणि मी उडालेच. शब्द एकच, ‘रिसीव’. पण त्याची ‘रिसीट’ झाली की पावती, आणि ‘रिसेप्शन’ झालं की लग्नातलं जेवण! ‘अप्लाय’चं ‘ॲप्लिकेशन’ म्हणजे माझा फॉर्म, आणि ‘ॲप्लायन्स’ म्हणजे ओट्यावरचा मिक्सर. अहो, हे तर आपल्याकडचंच की. पेरणं एकच, पण पेरणी म्हणजे काम आणि पेरा म्हणजे किती रानात काय पेरलं ते. मागणं देवाजवळ, मागणी पोरीला. एका आईच्या पोटच्या बहिणी, दिल्या घरी नांदायला लागल्या की वेगळ्या होतात, तसंच हे. मला इतका आनंद झाला की मी चहात दोनदा साखर घातली. मुलगी म्हणाली, आधी पाठ कर, मग नाच.

पण आनंदानं मार्क मिळत नाहीत. डिसेंबरात मुलीनं घरीच सराव पेपर घेतला आणि मला बावीस मार्क दिले. पास व्हायला पस्तीस लागतात. ‘ऑब्झर्वेशन’ आणि ‘ऑब्झर्वन्स’ यांची तर मी सरळ अदलाबदल केली होती. माझा पारा चढला. मी गाईड उचललं आणि पडवीतल्या कापसाच्या ढिगात भिरकावलं. म्हटलं, गेली ती नोकरी खड्ड्यात. सासूबाई तिथंच बसल्या होत्या. शाळेची पायरी न चढलेली बाई. माझ्या अभ्यासाबद्दल त्यांनी तोवर एक अक्षर काढलं नव्हतं. कापसातून गाईड मात्र शोधून काढलं, झटकलं आणि कोनाड्यात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी अंगणवाडी सुटल्यावर मी शेतात गेले. वेचणी चालू होती. आपापली पात धरून, म्हणजे आपापल्या वाट्याच्या ओळी धरून, आम्ही दोघी निघालो. सासूबाईंच्या बरोबरीनं वेचणारी बाई गावात नाही, त्या नेहमी दहा पावलं पुढं असतात. त्या दिवशी त्या माझ्या जोडीला राहिल्या. बोंडातून कापूस ओढता ओढता, वर न बघता म्हणाल्या, “रिसीव.”

मला वाटलं मला भास झाला. त्यांनी पुन्हा म्हटलं. इतके रविवार आमची घोकंपट्टी त्यांच्या कानावर पडत होती आणि त्यांनी ती कानातच साठवून ठेवली होती! मी उत्तर दिलं. त्यांनी पुढचा शब्द टाकला. चुकले की त्या थांबायच्या, मी पण थांबायचं, बरोबर येईपर्यंत पुढच्या झाडाला हात लावायचा नाही. वेचणी संपेस्तोवर हाच कायदा.

‘ऑब्झर्व’ची गाठ त्यांनीच सोडवली. म्हणाल्या, दवाखान्यात डॉक्टर ठेवतो ते ऑब्झर्वेशन, आणि मी चतुर्थी धरते ते ऑब्झर्वन्स. झालं की. ‘डिलिव्हर’वर मात्र आमचं वाजलं. मी म्हटलं, डिलिव्हरी म्हणजे बाळंतपण, डिलिव्हरन्स म्हणजे सुटका. त्या ऐकेनात.

“हे दोन काऊन व? बाई बाळंत झाली का आपण म्हणतोच ना, सुटली बिचारी. एकच त हाय.”

रविवारी मुलीला विचारलं, तर ती आजीच्याच बाजूनं गेली. पण हा शब्द मी जन्मात विसरणार नव्हते.

मार्चमध्ये आर्वीला पेपर दिला. तिसऱ्या पानावर नामांच्या रिकाम्या जागा होत्या, चार, एकेका मार्काच्या. पेशंटला डॉक्टरांनी कशात ठेवलं, ही पहिलीच. मला हसूच आलं, पर्यवेक्षकांनी वळून पाहिलं. चारही मी एका दमात भरल्या. बाकी पेपर कसा लिहिला ते देवाला माहीत.

निकाल लागला तेव्हा आम्ही दोघी गच्चीवर कुरड्या घालत होतो. मुलीचा फोन आला. पास! इंग्रजीत अडतीस! मी चिकाच्या हातांनी फोन धरून नाचायला लागले. सासूबाईंनी सोऱ्या खाली ठेवला.

“त्यात माहे किती?”

मी म्हटलं, “चार, आई. चारही तुमचेच.”

त्यांनी बोटं धरली. अडतीसमधून एकेक बोट मिटत खाली आल्या आणि पस्तीसच्याही खाली, चौतीसवर थांबल्या.

“म्हणजे मीबी पास झाली,” त्या म्हणाल्या.

मी हो म्हटलं, आणि मग मला रडू आवरेना.