नागलीचे पापड समाजमंदिरात

नाशिकरोडच्या वसाहतीत यशोदाबाईंना सगळे पापडवाल्या आक्का म्हणतात. उन्हाळा तापला की इथं बाकीच्यांची कमाई आटते. रिक्षा दुपारभर लिंबाखाली, फरशी बसवणारे घरी. आक्का मात्र खुशीत असायच्या. "तापू दे! ऊन म्हणजे आपला फुकटचा गडी," असं आपल्या बचत गटातल्या बायांना सांगायच्या.

यंदा हा गडी अंगावरच आला. गच्चीवरचे नागलीचे पापड दुपार व्हायच्या आत वाकडे होऊन तडकू लागले. बायांना भोवळ यायची ती वेगळीच. माल घेणाऱ्या पंचवटीतल्या दुकानदार शामसुंदरशेठनी अख्खी खेप परत पाठवली. दुसरीही बिघडली तर ते दुसरा गट बघणार होते, आणि बाया पुन्हा धुण्याभांड्याला लागणार होत्या.

"आत्याबाई, सावलीत वाळवू," सून रोहिणी म्हणाली.

"सावलीत उडदाचे वाळवतात गं. नागलीला ऊनच लागतं. माझी आई तर..."

"मग तुमच्या आईच्या वेळचं ऊन आणा!"

बाया फिसकन हसल्या. आक्कांनाही हसू आवरेना. पण एवढी सावली आणायची कुठून? समाजमंदिराचा हॉल होता, हवेशीर. तिथं भीमजयंतीच्या लेझीमचा सराव चालायचा. आक्कांनी मंडळाच्या वाल्मीकला गाठलं.

"दिवसा हॉल आमचा, संध्याकाळी तुमचा."

"आक्का, पोरांच्या पायाखाली भुगा होईल."

"झाला तर जयंतीला तोच भुगा तुझ्या ताटात वाढीन!"

वाल्मीकनं किल्ली दिली.

मग पहाटेच लाटणी फिरू लागली. पापड कोवळ्या उन्हात घालायचे, चटका बसायच्या आत हॉलमध्ये जुन्या साड्यांवर पसरायचे. दुपारी पंख्याखाली गाण्यांच्या भेंड्या. पापड वाळायला वेळ लय लागायचा, पण तडा एकालाही नाही. संध्याकाळी लेझीमवाले साड्यांची टोकं धरून हलक्या हातानं सगळं कोपऱ्यात नेऊन ठेवायचे.

शामसुंदरशेठ स्वतः बघायला आले. "सावलीतले? पोटात ओले असणार."

रोहिणीनं तिथंच पापड तळले. शेठनी एक खाल्ला, लगेच दुसऱ्याकडे हात नेला. तिनं ताट मागं ओढलं. "आधी बोला."

"बोलायला तोंड रिकामं तर होऊ द्या! पुढच्या खेपाही तुमच्याकडूनच."

हॉलभर टाळ्या झाल्या. आक्का दारातल्या वाल्मीककडे वळल्या. "जयंतीनंतरही किल्ली लागेल रे."

"आक्का, मग पापडमंदिर अशी पाटीच लावतो!"

"लाव की. पण अक्षरं मोठी काढ, शेठना लांबून दिसली पाहिजेत."