पहिली सही

इथे कॅनडात, विनिपेगला आमच्या शेजारी एक रिटायर्ड इंजिनिअर काका राहतात. प्रॉपर्टी टॅक्सचं बिल आलं की ते माझ्या दारात हजर. "अहो, रस्त्यातला खड्डा तसाच, बर्फ तसाच, मग पैसे घेतात कशाचे? बोला!" बोला म्हणायचं आणि समोरच्याला बोलू द्यायचं नाही, ही त्यांची जुनी खोड.

यंदा टॅक्सवाढीविरुद्ध काका घरोघर सह्या गोळा करत फिरले. पहिली सही माझी घेतली, वर आमच्या भागातल्या नगरसेविकेने टॅक्सवाढीवर बोलावलेल्या सभेलाही ओढून नेलं.

नगरसेविका म्हणाल्या, "टॅक्स वाढवला नाही, तर इथली लायब्ररी बंद करावी लागेल. वाढ कोणाला चालेल?"

पहिला हात काकांचा! गोंधळून मीही माझा वर केला.

"काका, अहो, मग या सह्या?" मी कुजबुजलो.

"त्या द्यायच्याच आहेत. पण म्हणून लायब्ररी बंद करू द्यायची? बोला!"

आणि मी बोलायच्या आत ते उठले, सह्यांचा गठ्ठा नगरसेविकेच्या टेबलावर ठेवला आणि माझ्याकडे बोट दाखवून अभिमानाने म्हणाले, "पहिली सही यांची."

माझा हात अजून वरच होता.