खिडकीची खोली

"मावशी, तुमचं शुक्रवारचं बुकिंग रद्द झालंय. काही अडचण आली का?"

मुंबईच्या हॉटेलातली काउंटरवरची मुलगी फोनवर अदबीनं विचारत होती आणि साळूबाई हातातलं गव्हाचं सूप तसंच धरून गॅलरीत उभी राहिली. रद्द? कुणी केलं? मुलगी म्हणाली, "त्याच मोबाइलवरून झालंय, मावशी. काल दुपारी." काल दुपारी मोबाइल चार्जिंगला होता आणि घरात साळूबाई आणि यादवराव सोडून तिसरं माणूस नव्हतं.

सूप खाली ठेवताना चार गहू सांडले. तिनं ते उचलले नाहीत. संसाराच्या छत्तीस वर्षांत असं पहिल्यांदा झालं असेल.

यादवराव सातपूरच्या कारखान्यातून मागच्या वर्षी निवृत्त झाले. त्याचं निमित्त करून पुण्याच्या तेजस्विनीनं आईबापांना बोटीची सहल भेट दिली. मुंबईहून शनिवारी सुटायचं, चार रात्री समुद्रावर. लेकीनं फोनवर सांगितलं होतं, "आई, बोट गाठायची तर आदल्या दिवशी मुंबईत राहा. हॉटेल तू निवड. तुला हवं तसं." तुला हवं तसं! साळूबाईनं ते इतकं मनावर घेतलं की आठ दिवस चष्मा लावून मोबाइलवर खोल्याच बघत होती. बंदरापासून दहा मिनिटांवरचं हॉटेल काढलं, चौथा मजला, पुढच्या बाजूला खिडकीची खोली. काउंटरवर फोन लावून विचारलं, "सकाळचा नाष्टा कोण करतं?" मुलगी हसली, "आम्हीच करतो की, मावशी." साळूबाईनं ऐकू आलं नाही असं दाखवून पुन्हा विचारलं. तेच उत्तर तिला दुसऱ्यांदा ऐकायचं होतं.

हे समजायचं तर तिचे मांडे माहीत हवेत. साळूबाई नामपूरची. खापरावरचे पुरणाचे मांडे आईनं शिकवले; पुरण भरलेला गोळा दोन्ही हातांवर फिरवत फिरवत कोपरापर्यंत वाढवायचा आणि तापलेल्या पालथ्या खापरावर अलगद टाकायचा. तिच्यासारखा मांडा सासरच्या गोतावळ्यात कुणाला जमला नाही आणि तिथंच तिचा घात झाला. ज्याच्या घरी जायचं, तिथं तिच्याआधी तिचं खापर पोचायचं. गोधडीत गुंडाळून, मांडीवर घेऊन ती सुरतेला गेली, इंदूरला गेली. सुरत कशी आहे विचारलं तर सांगेल, ओटा लय उंच. इंदूर? नळाला पाणी जोरात. तीन पुतण्यांच्या लग्नात अक्षता तिनं चुलीमागूनच टाकल्या. दंडापासून मनगटापर्यंत चटक्यांचे डाग. सोन्याच्या बांगड्या घातल्या तरी लोकांची नजर आधी तिथंच जायची.

आणि परगावी अशी एकही रात्र नाही, की दुसऱ्या दिवशी तिनं उठून कुणाच्या तरी चुलीपाशी बसायचं नव्हतं. एक रात्र हवी होती तिला. एकच.

यादवराव फिरून आले. पायातली चप्पल काढायच्या आत तिनं विचारलं, "हॉटेल तुम्ही कॅन्सल केलं?"

"हां, ते सांगायचं राहिलं बघ," ते पाण्याचा तांब्या शोधत म्हणाले. "कल्याणला सख्खी बहीण असताना लॉजवर उतरायचं? भाऊबंद तोंडात शेण घालतील."

"बंदर मुंबईत हाय. कल्याणात नाय."

"शनिवारी दुपारी जेवून निघू की. बयाक्कानं पंधरा माणसं सांगितलीत." आणि मग कौतुकानं, जणू तिला बक्षीसच देत आहेत अशा आवाजात, "तुझे मांडे खायला!"

साळूबाईची नजर माळ्याकडे गेली. माळ्यावर खापर नव्हतं. ते खाली दाराशी, पुसूनबिसून, गोधडीत बांधून तयार होतं. तळपायाची आग मस्तकात गेली.

"गाठोडं बांधायचं सुचलं, मला विचारायचं नाय सुचलं?"

"अगं, आपल्याच माणसांत काय विचारायचं?"

तिनं कपाटातून तेजस्विनीनं पाठवलेला कागद काढला. चार वेळा वाचलेला, पेनानं रेघ मारलेला. "हे वाचा. बोट पाचला सुटते. दार तीनला बंद."

"असं लिहितात गं. साडेचारला पोचलो तरी…"

"एसटी हाय का ती? हात दाखवला की कंडक्टर घंटी मारून थांबवंल? पंधरा माणसांची पंगत उठायला दोन वाजतात. मी तुमच्या बहिणीचा ओटा पुसत असंन आणि बोट गेलेली असंल."

"तू उगाच तापतेस."

"तापतेच! खापरच हाय मी. तापल्याशिवाय तुमच्या कामाची कुठं?"

तिनं त्यांच्यासमोरच हॉटेलला फोन लावला. खिडकीची खोली गेली होती. मागच्या बाजूची, एका माणसापुरती लहान खोली शिल्लक होती.

"चालंल," साळूबाई म्हणाली. "एकच माणूस हाय."

"आणि मी?" यादवरावांचा आवाज एकदम बारीक झाला.

"तुम्ही आक्कांकडं. खापर घेऊन."

मग तिनं नणंदेलाही फोन लावला. पाठीमागून काही करायची तिची रीत नव्हती. "आक्का, मी शनिवारी यायची नाय. मांडे होणार नाईत."

पलीकडून बयाक्का म्हणाली, "लय मोठी लागून गेली! हॉटेलवाली! माझ्या घराला काय काटे हाईत?"

"काटे नाईत, आक्का. चूल हाय."

फोन कट झाला.

शुक्रवारी सकाळच्या गाडीत दोघं शेजारी बसले, पण इगतपुरी आली तरी साळूबाईनं तोंड खिडकीकडेच ठेवलं. खापर या खेपेला यादवरावांच्या मांडीवर होतं. एका बाईनं विचारलं, "काका, माठ का?" त्यांनी नुसती मान हलवली. कल्याणला ते उतरले, फलाटावरून एकदा वळून पाहिलं. तिनं त्यांचं बोटीचं तिकीट खिडकीतून त्यांच्या हातात दिलं. "तीनला दार बंद," एवढंच म्हणाली.

खोली खरंच लहान निघाली. खिडकी उघडली तर समोर शेजारच्या इमारतीची भिंत. ती आणखी चिडली. चौथ्या मजल्यावरची ती दुसरी खोली यादवरावांच्या एका बोटानं गेली होती. पण दार लावून कडी घातली आणि भरदुपारी चपला काढून आडवी झाली, तर संध्याकाळपर्यंत कुणी हाक मारली नाही.

सकाळी सवयीनं पाचला जाग आली. उठली, चादर झटकली, चारी कोपरे ओढले, उशी थापटली. मग तिचं तिलाच कळलं. स्वतःवरच संतापली. "मेले हात!" असं म्हणून तिनं चादर पुन्हा ओढून काढली, उशी आडवी फेकली आणि तसाच पसारा ठेवून खाली नाष्ट्याला गेली.

उपमा गरम होता. मीठ कमी होतं, पण ते कुणीतरी दुसऱ्यानं कमी घातलेलं होतं.

साडेआठला फोन वाजला. यादवराव. "निघालो मी. आत्ताच. न जेवता."

"बरं केलं."

"आक्का लय चिडलीय."

"चिडू द्या."

मग ते चाचरत म्हणाले, "खापर तिथंच राहिलं गं, घाईत."

साळूबाईनं पलीकडच्या वाढप्याला कप वर करून दाखवला. आणखी एक चहा.

"राहू द्या," ती म्हणाली.