काळी शिवराई

नव्वदच्या दशकात मी शेवगावच्या एका शाळेत इतिहास शिकवत होते. माझ्याकडे चाळीसेक जुनी नाणी होती, बहुतेक तांब्याची, तांबटाकडून मोडीच्या भावात घेतलेली. त्यांत एक शिवराई होती, म्हणजे मराठेशाहीतला तांब्याचा पैसा. शिवराईवरची अक्षरं सहसा काठाबाहेर गेलेली असतात. हिच्यावर दोन्ही बाजूंना पूर्ण होती. रंग मात्र जुन्या चिंचेच्या गोळ्यासारखा काळपट. हा रंग म्हणजे मळ नव्हे, तीच त्या तांब्याची राखण आहे, हे मला शेवटपर्यंत कोणाला पटवता आलं नाही.

ती जपण्यासाठी मी काय नाही केलं! नगरहून आणलेल्या अल्बमच्या प्लास्टिकने वर्षभरात तीन नाणी हिरवी-चिकट करून ठेवली, तेव्हा अल्बम फेकला. मग जुन्या धोतराचं कापड चार पाण्यांतून काढून, खळ घालवून, नाण्यागणिक एकेक पिशवी शिवली. रबरबँडने चांदी काळी पडते म्हणून दोऱ्याने बांधलं. चपलांच्या दुकानातून, खोक्यात दमट हवा टिपायला घालतात त्या पुड्या मागून आणून नाण्यांच्या डब्यात टाकल्या. दुकानदाराने बजावलं, "खायच्या नसतात बरं का, बाई." नाणं काठाने धरायचं, अक्षरांच्या बाजूला बोट लावायचं नाही, हा घरातला नियम. आमचे हे म्हणायचे, "माझ्याकडे बघ कधी इतकं."

त्या वर्षी शाळेच्या नव्या सभागृहाचं उद्घाटन निघालं. पाहुणे म्हणून तालुक्यातले एक मोठे पुढारी येणार होते. मुख्याध्यापकांनी ठरवलं की दारातच माझ्या नाण्यांचं प्रदर्शन हवं. मी नको म्हटलं. ते म्हणाले, "बाई, शाळेच्या इभ्रतीचा प्रश्न आहे." शाळेची इभ्रत माझ्या डब्यात आहे हे मला त्या दिवशी कळलं. आदल्या संध्याकाळी मी नाणी कापसावर मांडली, "हात लावू नये" अशी पाटी ठेवली आणि घरी गेले. पाटीवर भरवसा ठेवणं ही माझी चूक.

सकाळी आले तर कापसावर नवी कोरी नाणी! गुलाबी, झगझगीत, भांड्यांच्या दुकानात लटकवलेल्या तांब्याच्या पळ्यांसारखी. शिपाईमामा शेजारी उभे होते. निवृत्तीला आलेला, अत्यंत कामसू माणूस.

"मामा, हे काय केलंत?"

"समई घासत हुतो, बाई. चिच भिजवलेलीच हुती. सर म्हनले समदं चकचकीत पायजे. म्हनलं, बाईंचं बी करून टाकावं."

"पाटी नाही वाचलीत?"

"वाचली की. पोरांसाठी हुती ना ती?"

शिवराई त्यांत नव्हती. कुठे गेली म्हणून विचारलं तर मामा डोकं खाजवू लागले. "एक लई काळं हुतं. त्ये काय निघायचं न्हाई म्हनून बाजूला काढलं. कुठं ठिवलं, आता ध्यानात न्हाई."

मी टेबलाखाली वाकून शोधत होते आणि तेवढ्यात पाहुणे आले. मला त्या अवस्थेत पाहून मुख्याध्यापकांनी ओळख करून दिली, "आमच्या इतिहासाच्या बाई." पाहुण्यांनी एक नाणं उचललं, अर्थात दोन बोटांनी अक्षरांवरच धरून, आणि म्हणाले, "वा! जुन्या काळातली असून किती स्वच्छ!" टाळ्या झाल्या. मला शाल आणि नारळ मिळाला. शाल प्लास्टिकच्या पिशवीत होती.

शिवराईसाठी मी मामांना कचरा चाळायला लावला, खोल्या झाडायला लावल्या. त्यांना वाईट वाटत होतं, पण नेमकं कशाचं हे त्यांना कळत नव्हतं. "बाई, बाकीची तर चांगली झाली ना?" असं ते मनापासून विचारत. बाकीची मी डब्यात ठेवली. महिन्याभरात त्यांच्यावर बोटांचे ठसे उमटले. त्यांतले दोन, मला वाटतं, पाहुण्यांचे.

दुसऱ्या वर्षी स्नेहसंमेलनासाठी सभागृहातलं व्यासपीठावरचं टेबल हलवलं. एका पायाखालून पुठ्ठ्याची घडी निघाली. मामांनी ती उचलली आणि एकदम ओरडले, "आरं तिच्या! बाई, हिकडं या!" आता त्यांना आठवलं, उद्घाटनाच्या सकाळी टेबल डगमगत होतं. नुसतं नाणं घसरत होतं म्हणून त्यांनी ते पुठ्ठ्यात गुंडाळून पायाखाली दिलं होतं.

घडी उलगडली. शिवराई होती तशीच, काळपट, सगळी अक्षरं शाबूत. वर्षभर कोरड्या, अंधाऱ्या जागी, कोणाचा हात न लागता राहिलेली. वर वर्षभराची भाषणं झाली, तिला ओरखडाही नाही. माझ्या धोतराच्या पिशव्या आणि चपलांच्या पुड्या एकीकडे, आणि मामांचा पुठ्ठा एकीकडे.

मी ती काठाने धरून उजेडात पाहत होते. मामांना माझ्या डोळ्यांत पाणी दिसलं असावं. ते घाईने जवळ आले आणि हात पुढे करून म्हणाले, "द्या बाई हिकडं. समई घासायला चिच भिजवलीच हाय."