परत करायच्या बाटल्या

देवधरकाका गेल्याचा फोन आला तेव्हा मी पिस्कॅटवेच्या आमच्या लॅबमध्ये मोर्च्याच्या पत्रकांना घड्या घालत बसले होते. फोनवर काकूच होत्या. "काका गेले गं. सकाळी दारातला बर्फ काढताना..." एवढंच. पुढच्या रविवारी पार्सिपनीत इथल्या मराठी मंडळानं शोकसभा घेतली आणि ठरावात वाचलं, ‘कै. देवधर अत्यंत निर्व्यसनी होते.’ माझं डोकंच फिरलं. गेलेल्या माणसाला धुऊन-पुसून मखरात बसवायचा अधिकार यांना दिला कुणी? मी उभी राहिले. "ते बिअर प्यायचे. आवडीनं प्यायचे." सगळे वळून माझ्याकडे बघायला लागले. पहिल्या रांगेतल्या काकूंनी तेवढी होकाराची मान हलवली. त्या मानेच्या भरवशावर हे लिहितेय.

काका केमिस्ट. एका कारखान्यात बॉयलरचं पाणी तपासायचे. टीव्हीवर जिची जाहिरात लागते ती बिअर त्यांच्या मते ‘कुठल्याच गावची नाही’. म्हणून शनिवारी स्टेशन वॅगन काढून पेन्सिल्वेनियाच्या डोंगरातल्या एका खाणगावात जायचे. तिथं जुनी, विटांची ब्रुअरी होती. चोवीस तपकिरी बाटल्यांचा लाकडी क्रेट आणायचा, प्यायलेली प्रत्येक बाटली विसळून पालथी घालायची आणि सगळ्या रिकाम्या झाल्या की क्रेट परत द्यायचा. "आपण दुधाच्या बाटल्या परत करायचो ना, तसंच," म्हणायचे. मी नागपूरहून नवी आलेली, बाईनं बिअर का पिऊ नये यावर भांडायला टपलेली. त्यांनी तशी वेळच आणली नाही. अर्धा ग्लास पुढे सरकवला. "घ्या पुढारीबाई. आधी चव, मग घोषणा. त्या डोंगराचं पाणी आहे यात."

मग बातमी आली की एक बडी कंपनी ती ब्रुअरी विकत घेतेय, आणि घेऊन बंद करणार आहे. काका दोन दिवस नीट जेवले नाहीत, असं काकू सांगत होत्या. मी मात्र तडक कामाला लागले. एका रात्रीत पत्रक: ‘डोन्ट बाय धिस बिअर’. बहिष्कार! मालकाच्या खिशाला चाट बसली की येईल ताळ्यावर. शनिवारी काकांबरोबर, त्यांच्याच गाडीतून गेले आणि ब्रुअरीसमोरच्या बारमध्ये ती पत्रकं वाटली. बाटल्या भरण्याच्या खात्यातला एक म्हातारा चष्मा लावून शेवटपर्यंत वाचत राहिला. "मिस," तो म्हणाला, "म्हणजे आम्ही शुक्रवारच्या पगारापर्यंतही टिकू नये, असं म्हणणं आहे का तुमचं?" बार हसला. काका हसले नाहीत. परतताना निम्म्या रस्त्यात म्हणाले, "अगं, उपाशी माणसाला उपोषणाला बसवलंस तू."

मी घर येईपर्यंत भांडले. तत्त्व, भांडवल, एकजूट... सगळं सुनावलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि दारात विचारलं, "चहा घेणार?" ब्रुअरी थंडीच्या तोंडावर बंद झाली. माझ्या पत्रकामुळे नाही. ते कुणी मनावर घेतलंच नव्हतं. पण चूक ती चूक. मरणाऱ्याच्या तोंडचा घोट काढून घ्या म्हणून मी सांगत फिरले होते, आणि ज्याला ते सगळ्यात जास्त लागलं त्याला ‘काका, चुकले’ एवढे दोन शब्द मी दिले नाहीत. फोन खूप केले. प्रत्येक वेळी दुसरंच काहीतरी बोलले.

मागच्या आठवड्यात काकूंना मदत करायला गेले होते. गराजमध्ये तो शेवटचा क्रेट आहे. चोवीस बाटल्या, विसळलेल्या, पालथ्या. क्रेटच्या फळीला माझं पत्रक चिकटवलंय. पहिला शब्द, तो ‘डोन्ट’, लाल पेनानं खोडलेला. खाली काही नाही. सही नाही, टोमणा नाही. "मी म्हटलं, टाकून द्या आता," काकू म्हणाल्या, "तर म्हणे, असं कसं? परत करायच्यात."

मी क्रेट उचलून बघितला. जड नाही. पुन्हा होता तिथंच ठेवला.